झाकणाचं रबर फुगलंय? मग क्लचच्या आधी ब्रेक बघा

“आप्पा, नमस्कार. मी शहादा तालुक्यातला. सातपुड्याच्या पायथ्याला शेती आहे आणि धडगावकडच्या पाड्यांवर किराणा पोचवतो. त्यासाठी तीन मालक फिरून आलेली, वीस वर्षांची जुनी फोर बाय फोर जीप घेतली. क्लच हायड्रॉलिक आहे, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालतो, बॉनेटखाली त्याची वेगळी डबी आहे. मागच्या पावसाळ्यात गोमाईच्या पाण्यातून गाडी काढली. नंतर क्लच बसला म्हणून मिस्त्रीने खालचा सिलिंडर बदलला. होळीपर्यंत बरं चाललं. भोंगऱ्या बाजाराला माल घेऊन गेलो, तर घाटात भर दुपारी पेडल खाली गेलं, रिव्हर्स टाकताना खर्रर्र वाजायला लागलं. तीन-चारदा पंप मारला की गिअर पडतो. सकाळी थंड गाडीला काही त्रास नाही. गिअरमध्ये क्लच दाबून उभा राहिलो तर थोड्या वेळाने गाडी आपोआप पुढे सरकते. डबीतलं ऑइल दहा-बारा दिवसांत अर्ध्यावर येतं, पण गाडीखाली डाग नाही. पेडलखालची चटई मात्र तेलकट असते. मिस्त्री म्हणतो, ‘प्लेट गयी भो,’ गिअरबॉक्स उतरवावा लागेल, 14 हजार खर्च. घरची म्हणते, गाडी विकून टाका. पावसाळ्यात पाड्यावरचं आजारी माणूस दवाखान्यात न्यायला हीच गाडी असते, म्हणून विकवत नाही. प्लेटच गेली असेल का? आणि घाटात मध्येच क्लच गेला तर काय करायचं? अजून एक, डबीच्या झाकणातलं रबर मोठं झाल्यासारखं झालंय, परत खाचेत बसत नाही. त्यातून ऑइल उडून जात असेल का?”

भाऊ, तुमच्या पत्रातलं जे वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, तिथूनच मी सुरुवात करतो. झाकणातलं रबर मोठं झालंय, खाचेत बसत नाही. हे वाचलं आणि क्लच बाजूला राहिला, माझा जीव तुमच्या ब्रेकमध्ये अडकला. हे पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत गाडी घाटात घालू नका. गावात सुद्धा काढू नका.

कारण सांगतो. क्लचच्या आणि ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरं एका खास जातीची असतात. डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक फ्लुइडमध्ये ती वर्षानुवर्षं टिकतात, पण इंजिन ऑइल, गिअर ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, डिझेल, असं काहीही खनिज तेल त्यांना लागलं की ती फुगतात, मऊ पडतात, आणि त्यांच्या पातळ कडा फाटतात. झाकणातलं रबरही त्याच जातीचं. म्हणून आत काय चाललंय ते सगळ्यात आधी झाकण सांगतं. ते रबर उन्हानं मोठं होत नाही आणि म्हातारपणानंही नाही. म्हातारं रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात. फुगलेल्या रबराला चुकीचं तेल लागलेलं असतं.

आपल्याकडे या चुकीचं मूळ शब्दातच आहे. आपण त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो. ते ऑइल नाहीच. ग्लायकॉल जातीचं द्रव आहे ते, पाण्यात साखरेसारखं मिसळतं. पण नावात ऑइल असल्यामुळे, आणि गॅरेजात सगळे डबे एकाच फळीवर असल्यामुळे, नवखा पोरगा हाताला लागेल तो डबा उचलतो. माझ्याच गॅरेजात, पुष्कळ वर्षांपूर्वी, एका जीपच्या ब्रेकच्या डबीत स्टिअरिंगचं ऑइल पडलं. गाडी दोन दिवस ठीक चालली. तिसऱ्या दिवशी मालक लळिंग घाटाकडे निघाला आणि चारही चाकं हळूहळू धरायला लागली. ड्रममधून धूर निघाला तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेतली. मास्टर सिलिंडरमधलं, म्हणजे पेडलच्या जोरानं द्रव नळीत ढकलणाऱ्या वरच्या सिलिंडरमधलं, रबर फुगून परतीचं बारीक छिद्र बंद झालं होतं, त्यामुळे पेडल सोडलं तरी दाब परत जात नव्हता. सपाट रस्ता होता म्हणून निभावलं. उतारावर असता तर काय झालं असतं हा विचार मला अजून सोडत नाही. त्या दिवसापासून ब्रेक फ्लुइडचा डबा मी वेगळ्या कपाटात कुलुपात ठेवत आलो.

म्हणून आता पहिली गोष्ट. ब्रेकच्या डबीचं झाकण उघडा आणि त्यातलं रबर पाहा. ते खाचेत नीट बसतंय का? वेडीवाकडी घडी पडलीय का? मग दोन्ही डब्यांतून, वेगवेगळ्या कोऱ्या सिरिंजनी, दोन-दोन चमचे द्रव काढा. काचेच्या दोन स्वच्छ बाटल्यांत अर्धा-अर्धा पेला पाणी घेऊन त्यात ते टाका, बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं ठेवून द्या. खरं ब्रेक फ्लुइड असेल तर पाणी आणि ते एकजीव होतील, थर दिसणार नाही. खनिज तेल मिसळलं असेल तर भाजीवर येतो तसा तवंग वर येईल. यात एक मेख आहे. तुम्ही दर दहा-बारा दिवसांनी क्लचच्या डबीत भर घालताय, म्हणजे पहिलं चुकीचं तेल पातळ होत गेलं असेल आणि तवंग अगदी नावापुरता दिसेल, कदाचित दिसणारही नाही. तरीही रबर फुगलेलं असेल तर रबरावर विश्वास ठेवा, बाटलीवर नको. आणि स्वतःलाच विचारा, ही भर तुम्ही कशातून घालताय? सीलबंद डब्यातून, की मिस्त्रीने दिलेल्या पाण्याच्या बाटलीतून?

ब्रेकच्या डबीतही तवंग दिसला, किंवा तिचंही रबर फुगलेलं निघालं, तर गाडी स्वतः चालवत गॅरेजला नेऊ नका. ओढूनही नको, टेम्पोवर चढवून न्या. ब्रेकचा मास्टर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज, सगळी रबरं बदलावी लागतात आणि लोखंडी नळ्या आतून धुवाव्या लागतात. नुसतं ऑइल बदलून भागत नाही, कारण फुगलेलं रबर परत बारीक होत नाही. खर्च होईल. पण तुम्ही त्या गाडीत पाड्यावरची आजारी माणसं बसवता.

ब्रेक स्वच्छ निघाला तर देवाचे आभार माना आणि क्लचकडे या.

प्लेट गेली आहे का? तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून मला तरी तसं वाटत नाही. क्लच दोन तऱ्हांनी बिघडतो आणि दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत. प्लेट झिजली की क्लच धरत नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र पुढे जात नाही, जळका वास येतो. गिअर पडायला अशा गाडीत काहीच त्रास नसतो. तुमचं दुखणं याच्या उलट आहे. तुमचा क्लच सुटत नाही. पेडल पूर्ण दाबलं तरी प्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनच्या जड चाकापासून, मोकळी होत नाही, म्हणून रिव्हर्स वाजतो, म्हणून गिअरमध्ये उभी गाडी सरकते. आणि तीन-चार पंप मारल्यावर गिअर पडतो, याचा अर्थ दाब पोचला की प्लेट नीट सुटते. प्लेटचा दोष असता तर पंप मारून तिला काय फरक पडणार होता?

खात्री करायची तर मोकळ्या सपाट जागेत, समोर कोणी नसताना, हँडब्रेक पूर्ण ओढा, गाडी सुरू करा, वरचा म्हणजे चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन थरथरून बंद पडलं तर प्लेट धरतेय. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय आणि मिस्त्रीचं म्हणणं खरं. हे एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको.

आता तुमचं ऑइल जातं कुठे ते बघू. गाडीखाली डाग नाही आणि पेडलखालची चटई तेलकट. भाऊ, उत्तर तुम्हीच लिहिलंय. पेडलचा दांडा फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, जिथे मास्टर सिलिंडरमध्ये शिरतो, तिथे रबरी टोपी असते. टॉर्च घेऊन पेडलच्या वर मान वाकवून पाहा, टोपीवरून आत बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टरचं मागचं रबर गेलंय आणि ऑइल आत केबिनमध्ये गळतंय. चटई उचलून खालचा पत्राही पाहा. ब्रेक फ्लुइड रंग खातं, तिथला रंग फुगून पोपडे सुटलेले दिसतील. बोट लगेच पाण्याने धुवा, डोळ्याला लावू नका. एकदा खालीही पाहा. बेल हाउसिंगवर, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचावर, जो नवा स्लेव्ह म्हणजे खालचा सिलिंडर बसवलाय, त्याची रबरी टोपी थोडी मागे ओढा. आत द्रव साचलेलं असेल तर तोही गळतोय. मातीनं लडबडलेल्या जीपला गळलेलं द्रव चिकटून राहतं, खाली टपकत नाही, म्हणून डाग नाही यावर भिस्त ठेवू नका.

झाकणातून उडून जातं का, असं विचारलंत. नाही. ग्लायकॉल असं दहा दिवसांत अर्धी डबी उडत नाही. उलट सैल झाकणातून हवेतला ओलावा आत येतो, आणि ती वेगळीच कटकट आहे. तिच्याकडे येतोच.

गाडी आपोआप सरकते, ही खूण सगळ्यात बोलकी आहे. पेडल तुम्ही तिथेच धरून ठेवलंय, तरी दाब उतरतोय. बाहेर गळत नसेल तर तो दाब मास्टरच्या आतच, पिस्टनच्या पुढच्या रबराला वळसा घालून परत डबीकडे जातोय. पेडल सुरुवातीला टणक लागतं आणि मग पायाखाली हळूहळू बसतं, असं होतंय ना? तर मास्टर. आणि पेडल पहिल्यापासूनच स्पंजासारखं मऊ, पंप मारला की वर येणारं असेल, तर नळीत हवा आहे. तुमच्याकडे दोन्ही थोडं थोडं असू शकतं, कारण डबी अर्ध्यावर येते तेव्हा चढावर गाडी मागे कलली की हवा आत ओढली जाते.

सकाळी बरी आणि दुपारी आजारी, याचंही कारण यात आहे. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, पण नुसत्या हवेनं ब्रेक फ्लुइड उकळत नाही. घाटात तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये तासभर चढता, वारा लागत नाही, सायलेन्सरचा पाइप तापतो आणि त्याच्या शेजारून क्लचची नळी जाते. तापलेलं द्रव पातळ होतं आणि फाटक्या रबराच्या कडेतून जास्त सहज निसटतं. सकाळी तेच द्रव दाट असतं, म्हणून निभावतं. त्यात ओलावा. ताजं डॉट 3 निदान 205 अंशांना उकळतं, डॉट 4 निदान 230 ला. हेच द्रव हवेतलं पाणी पिऊन साधारण 3.7 टक्क्यांपर्यंत ओलं झालं की डॉट 3 चा उकळबिंदू 140 वर आणि डॉट 4 चा 155 वर उतरतो. गेल्या पावसाळ्यात तुम्ही गोमाईतून गाडी काढलीत आणि आता झाकणही धड बसत नाही. तापलेल्या पाइपाजवळ एक जरी बुडबुडा उकळून आला तरी पेडलचा जोर त्या बुडबुड्याला दाबण्यातच जातो. स्लेव्हपर्यंत काही पोचत नाही. नळी पाइपाच्या फार जवळ असेल तर क्लिप लावून तिला चार बोटं लांब बांधा.

एवढं झाल्यावर मोजमाप. माझ्या मते हेच काम मिस्त्रीने गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी करायला हवं होतं, आणि ते शाळेतल्या स्टीलच्या पट्टीनं होतं. सपाट जागा, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चारही चाकांना पुढून-मागून दगड. तुमचा खालचा सिलिंडर गिअरबॉक्स न उतरवता बदलला गेला, म्हणजे तो बाहेरच आहे, त्याचा दांडा दिसतो. काही नव्या गाड्यांत तो बेल हाउसिंगच्या आत असतो, तिथे हे जमत नाही. घरातल्या कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि दांडा किती मिलिमीटर सरकला ते मोजा. मग पाय तसाच दाबून ठेवायला सांगा, तीस सेकंद, आणि पुन्हा मोजा. समजा पहिल्यांदा 15 आलं आणि तीस सेकंदांनी 9, तर दाब आत उतरतोय हे डोळ्यांनी दिसलं. हेच मोजमाप सकाळी थंड गाडीवर एकदा आणि फिरून आल्यावर गरम गाडीवर एकदा घ्या. गरम असताना सायलेन्सरला हात लागणार नाही याची काळजी घ्या. चारही आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दांडा किती सरकायला हवा ते दिलेलं असतं, त्याच्याशी ताडून पाहा.

आता त्या नव्या स्लेव्हबद्दल माझ्या मनात एक शंका आहे. जुन्या गाडीचा सिलिंडर मिळाला नाही की दुकानदार ‘हा बसतो’ म्हणून दुसऱ्या गाडीचा देतो. बोल्ट बसतात, नळी बसते, पण आतलं भोक वेगळं निघतं. सिलिंडरच्या अंगावर भोकाचं माप बहुतेक वेळा ओतलेलं किंवा कोरलेलं असतं, ते वाचा आणि जुना तुकडा जवळ असेल तर त्याच्याशी जुळवा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सुतांच्या जागी सात सुतांचा बसला, तर दिसायला फरक एका सुताचा, पण पिस्टनचं क्षेत्रफळ 36 ला 49 या प्रमाणात वाढतं. मास्टर तेवढंच द्रव ढकलतो, त्यामुळे जो दांडा 15 मिलिमीटर सरकायला हवा तो 11 च सरकतो. पेडल हलकं लागतं आणि माणूस खूश होतो. ‘क्लच लोण्यासारखा झाला,’ म्हणतो. पण प्लेट पूर्ण सुटत नाही. थंड गाडीत हे कसंबसं निभतं, आणि मास्टर थोडा जरी कमी पडला की लगेच गिअर वाजतो. तुमच्याकडे हेच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण बघायला काही लागत नाही, मग बघून घ्या.

मास्टर की खालचं काही, हे शंभर टक्के पक्कं करायचं असेल तर एक जुनी युक्ती आहे. स्लेव्हला जाणाऱ्या रबरी होजला जाड कापड गुंडाळून व्हाइस ग्रिप पक्कडीनं हळूच चिमटा लावा आणि पेडल दाबा. पेडल दगडासारखं टणक झालं आणि तसंच राहिलं तर मास्टर ठीक, दोष चिमट्याच्या खाली. तरीही पेडल बसत गेलं, तर दोष मास्टरमध्ये. चिमट्यानं जुना होज आतून दुखावतो, म्हणून चांगल्या होजला हे करू नये. तुमचा होज मात्र बदलायचाच आहे.

होय, होजही बदलायचा. चुकीचं तेल एकदा लागलं की अर्धवट काम करून उपयोग नाही. मास्टरला किट, म्हणजे नव्या रबरांचा संच, टाकायची की आखा मास्टर नवा घ्यायचा, हे तो खोलल्यावर ठरवा. पिस्टन काढा, भोक कापडानं पुसा, उजेडात नखानं चाचपडा. गुळगुळीत असेल तर किट पुरेल. गंजाचे खड्डे नखाला लागले तर किट टाकून पैसे घालवू नका. खड्ड्यावरून फिरणारं नवं रबर महिन्याभरात पुन्हा फाटतं. वीस वर्षांच्या आणि पाण्यातून गेलेल्या गाडीत मला खड्डे निघतील असंच वाटतं. स्लेव्ह नवा असला तरी त्याची रबरं त्याच तेलात भिजलीत, त्याला किट टाका. झाकणातलं रबर नवं. मधली लोखंडी नळी सोडवून ब्रेक क्लीनरनं धुवा आणि कॉम्प्रेसरची हवा मारून कोरडी करा. धुवायला डिझेल, रॉकेल, पेट्रोल अजिबात वापरू देऊ नका, नाहीतर हे सगळं रामायण पुन्हा पहिल्यापासून. रबर बसवताना त्याला ग्रीसही नको, ताज्या ब्रेक फ्लुइडमध्ये बुडवून बसवायचं. डॉट 3 की डॉट 4, ते झाकणावर लिहिलेलं असतं. डबा सीलबंद हवा आणि तुमच्या डोळ्यांसमोर फुटायला हवा.

मास्टर बसवताना पेडलचा दांडा आणि पिस्टन यांत किंचित मोकळीक राहू द्या. मॅन्युअलमध्ये तिचं माप असतं. ‘क्लच वर आणतो’ म्हणत दांडा लांब करून ही मोकळीक संपवली, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि परतीचं छिद्र झाकलेलं राहतं. मग द्रव तापून फुगलं की दाब अडकतो आणि क्लच घसरायला लागतो. या चुकीपायी चांगल्या प्लेटा जळालेल्या मी पाहिल्यात.

हवा काढायला दोन माणसं लागतात. स्लेव्हच्या हवा काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत थोड्या ब्रेक फ्लुइडमध्ये बुडवा. वरच्यानं पेडल दाबून धरायचं, खालच्यानं निप्पल उघडायची, बुडबुडे गेले की बंद करायची, मगच पेडल सोडायचं. घाई करायची नाही, जोरानं पंप मारायचा नाही, आणि डबी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. निप्पल सिलिंडरच्या सगळ्यात वरच्या बाजूला आहे ना, हे आधी पाहा. स्लेव्ह उलटा बसला असेल तर हवा वर अडकते आणि दिवसभर पेडल मारलं तरी निघत नाही. हट्टी हवेला अजून एक उपाय आहे. डबी अर्धी ठेवा, निप्पल बंद ठेवा आणि स्लेव्हचा दांडा हातानं हळूहळू पूर्ण आत ढकला. हवा नळीतून उलटी वर चढून डबीत बुडबुडते. चार-पाचदा केलं की पेडल टणक होतं.

आता, हे सगळं झालं, पट्टीवर दांडा पूर्ण सरकतोय, तीस सेकंद तिथेच थांबतोय, आणि तरीही रिव्हर्स वाजतोय. तेव्हा मात्र दोष आत आहे आणि गिअरबॉक्स उतरवायला माझी ना नाही. तुमची गाडी पाण्यातून गेलेली आहे. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग गंजून धरलं असेल, प्लेट शाफ्टच्या खाचांवर गंजून सरकत नसेल, किंवा क्लचचा काटा जिथून बाहेर येतो तिथली रबरी टोपी फाटून आत काळ्या मातीचा गाळ बसला असेल. तसं असलं तर उतरवलेल्या गिअरबॉक्सच्या मजुरीतच क्लच दाबणारं रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग दोन्ही नवी टाका. त्याआधी पेडलच्या मुळाशी एकदा पाहून घ्या. पेडलची बुश आणि पिन झिजून भोक लांबट झालं असेल, किंवा मास्टर जिथे बसतो तिथल्या फायरवॉलला तडा असेल, तर पेडल दाबताना पत्राच वाकतो आणि तेवढं अंतर वाया जातं. एकानं पेडल दाबावं, दुसऱ्यानं बॉनेट उघडून मास्टर हलतोय का बघावं.

तुमच्या मिस्त्रीशी भांडू नका. पट्टीवरचे आकडे त्याच्यासमोर ठेवा आणि ‘आधी वरचं करू, मग गिअरबॉक्स’ एवढंच म्हणा. कोणत्या डब्यातून ऑइल टाकलं होतं, तेही शांतपणे विचारा. ते कळणं तुमच्याइतकंच त्याच्या इतर गिऱ्हाइकांसाठीही महत्त्वाचं आहे.

वहिनींचं म्हणणं मला कळतं. भर घाटात बंद पडणाऱ्या गाडीची वाट बघत घरी बसणं सोपं नाही. पण वर लिहिलेल्या दोषासाठी गाडी विकायची गरज नाही. ब्रेकची तपासणी त्यांच्यासमोर करा, बाटलीतला तवंग असेल किंवा नसेल, तो त्यांनाही पाहू द्या.

राहिला घाटातला प्रश्न. गाडीत सीलबंद अर्धा लिटर ब्रेक फ्लुइड, पारदर्शक नळी आणि निप्पलचा पाना कायम ठेवा. क्लच बसला तर आधी गाडी कडेला घ्या, चाकांना दगड लावा, डबी बघा, भर घाला आणि भराभर तीन-चार पंप मारा. बहुतेक वेळा गिअर पडण्यापुरता दाब मिळतो. तो मिळालाच नाही आणि वळणावरून थोडं पुढे सुरक्षित जागी जायचं असेल, तर इंजिन बंद करून फोर लो (चारही चाकांना कमी वेगाचा जोर) आणि पहिला गिअर टाका, पुढचे-मागचे लोक बाजूला करा, दगड काढा आणि स्टार्टर मारा. अशा जुन्या गाडीला क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा स्विच सहसा नसतो, त्यामुळे ती गिअरमध्येच झटका घेऊन सुरू होते आणि मुंगीच्या चालीनं पुढे जाते. थांबायचं तर ब्रेक दाबून चावी बंद करायची. कोरड्या डांबरी वळणांवर फोर लोमध्ये लांब जाऊ नका, गाडी आखडते आणि ॲक्सलवर ताण येतो. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला एक-दोन दाबांपुरताच जोर उरतो, हेही लक्षात असू द्या. आणि क्लच गेलेल्या गाडीनं तोरणमाळचा सातपायरी घाट उतरायची वेळ आली, गाडीत माणसं असली, नसली, तरी उतरू नका. गाडी तिथेच ठेवा, दगड लावा, आणि शहाद्याहून दुसरी गाडी वर बोलवा.